आकड्याचा धनी कोण? शाळेतल्या पर्यावरण प्रकल्पांचा थोडा मागचा इतिहास

पेट पास झालात, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय. तुम्ही शिक्षणशास्त्राकडचे असाल तर एक शीर्षक हमखास डोक्यात येणार: ‘नाशिक जिल्ह्यातील माध्यमिक शाळांमध्ये समाजाधारित पर्यावरण प्रकल्पांद्वारे स्टेम शिक्षण : परिणामकारकतेचा अभ्यास’. हसू नका, मीही हेच लिहून नेलं होतं. स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित एकत्र शिकवणं. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, मध्ये बारा आठवड्यांचा प्रकल्प, शेवटी टी-मूल्य. सगळं जागच्या जागी होतं. सरांनी पान उलटलं आणि विचारलं, “परिणाम कोणावर मोजणार?” मी म्हटलं, विद्यार्थ्यांवर. “आणि शीर्षकात ज्या समाजाचं नाव घेतलंय, त्याला काय मिळणार?”

मला उत्तर आलं नाही. ते शोधायला मी इतिहासाकडे गेले, कारण शाळेतल्या मुलांनी गावातलं पाणी, माती, पीक मोजायचं ही कल्पना ‘स्टेम’ हा शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीची आहे. आणि ती आपल्याच परिसरात कधी रुजली, कधी वाळली, हे कळल्याशिवाय तुमचं शीर्षक पक्कं करू नका असं मी म्हणेन.

आधी माझी वही

क्षेत्रभेटींच्या सुरुवातीला मी नाशिकमधल्या एका शाळेत जुन्या प्रकल्पवह्या चाळत होते. विषय बहुतेकांचा एकच, गोदावरीचं प्रदूषण. प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, निष्कर्ष, सगळं रंगीत पेनाने अधोरेखित. पण वहीमागून वहीत पाण्याचा सामू ७.५. रामकुंडावरही ७.५ आणि खाली तपोवनाजवळही ७.५. पावसाळ्यात ७.५, एप्रिलमध्येही ७.५. नदी वाहत होती, आकडा मात्र जागचा हलत नव्हता.

या मुलांना मी नावं ठेवू शकत नाही. माझ्या दहावीच्या वहीत सामू ७.२ होता, आणि मी नदीवर गेलेच नव्हते. मैत्रिणीच्या ताईच्या वहीतून तो आकडा आला होता. ताईने कुठून आणला, देव जाणे. आम्हाला दोघींनाही चांगले गुण मिळाले. इथूनच माझा प्रश्न सुरू झाला: तो आकडा चुकला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं? कोणाचंच नाही. त्या आकड्याला धनीच नव्हता. वाचणारे एक सर, तेही सही करण्यापुरते.

हा ‘धनी’ हातात धरून आता मागे जाऊ.

वर्धा ते कोठारी

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम पुढे आली. योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते झाकीर हुसेन. हस्तव्यवसायातून गणित, विज्ञान, भाषा शिकवायची, आणि मुलांनी केलेली वस्तू विकली जाईल इतकी चांगली व्हायची, ही त्यातली मुख्य गोष्ट. शाळा कारखाना होईल अशी टीका तेव्हाही झाली आणि ती पोकळ नव्हती. पण एक बारकावा लक्षात घ्या. सूत नीट निघालं नाही तर ते विणणाऱ्याच्या हातात तुटायचं. चूक पकडायला परीक्षक लागत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हे मागे पडत गेलं. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला. आयोगाचे सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असं भारदस्त नाव दिलं. शाळेत त्याचं काय झालं ते तुम्हीच आठवा. कागदाची फुलं, मेणबत्त्या, शुभेच्छापत्रं. समाजोपयोगी म्हणावं तर ती फुलं वर्गाच्या कपाटातच वाळली.

होशंगाबाद : धनी मूल स्वतः

१९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनी १६ शाळांत विज्ञान शिकवायची नवी पद्धत सुरू केली. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ तिथे गावातल्या शिक्षकांबरोबर बसून प्रयोग रचत. इयत्ता सहावी ते आठवी, म्हणजे आपल्या अर्थाने माध्यमिक नाही, तरी हा प्रयोग टाळून पुढे जाता येत नाही. मुलं शेतात जाऊन पिकं, माती, किडे बघायची, स्वतः प्रयोग करायची, निष्कर्ष स्वतः लिहायची. परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा होती. ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक माणसाला मुलं पत्रं लिहायची आणि त्यांना खरी उत्तरं जायची.

१९७८ मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिकपूर्व शाळांत गेला. १९८२ मध्ये त्यातून ‘एकलव्य’ संस्था उभी राहिली. आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. ३० वर्षं.

इथे आकड्याचा धनी मूल स्वतः होतं. प्रश्न त्याचा, उत्तरही त्याचं. हे थोर होतं असं मला वाटतं. पण हे टिकवायला काय काय लागलं तेही लिहून ठेवा: शिक्षकांचं सततचं प्रशिक्षण, प्रयोगांचं साहित्य, मासिक बैठका आणि वेगळी परीक्षा. यातलं एकही काढलं की बाकीचं डळमळतं. तुमच्या बारा आठवड्यांच्या प्रयोगात यातलं काय असेल आणि तुम्ही निघून गेल्यावर काय उरेल, हा प्रश्न सिनॉप्सिसच्या मर्यादांमध्ये एका ओळीत गुंडाळण्यासारखा नाही.

पाबळ : धनी विहीर खोदणारा

आता महाराष्ट्रात येऊ. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. केली होती आणि ते हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरच्या पदावर होते. निवृत्त होऊन १९८३ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळला, विज्ञान आश्रम सुरू केला. पाबळ म्हणजे पर्जन्यछायेतलं, पाण्याची ओरड असणारं साधं गाव. आश्रम भारतीय शिक्षण संस्थेचा भाग होता, म्हणजे पुन्हा जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्याच घराण्यातला.

कलबागांचं म्हणणं सोपं होतं. हाताने काम करत करत माणूस शिकतो, ही शिकण्याची नैसर्गिक रीत आहे. मग शाळेतली मुलं गावाला लागणाऱ्या सेवा का देऊ नयेत? त्यातून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला. शाळाशाळांत तो ‘आयबीटी’ म्हणूनच ओळखला जातो. पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने तो मान्य केला. आठवी ते दहावी, आठवड्यातून एक दिवस, चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. शिकवायला गावातलेच हातखंडा असलेले लोक. मुलं वेल्डिंग करतात, माती आणि पाणी तपासतात, प्लेन टेबल लावून जमीन मोजतात. आणि हे काम गावातल्या कोणासाठी तरी करतात.

यातलं एक काम जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते सगळं मर्म त्यात आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी कुठे लागेल हे वरून दिसत नाही. आश्रमाने गावातल्या तरुणांना जमिनीची विद्युत रोधकता मोजायचं तंत्र शिकवलं. जमिनीत सारख्या अंतरावर एका ओळीत चार खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोहोंमधला विभवांतर मोजायचा. भागाकार केला की रोध मिळतो, म्हणजे आपला नववी-दहावीचा ओहमचा नियम. त्याला २ × पाय × खुंट्यांमधलं अंतर याने गुणलं की रोधकता. अंतर वाढवत नेलं की मोजणी खोल खोल जाते. अखंड पाषाण वीज सहज जाऊ देत नाही. झिजलेला, भेगा पडलेला, पाणी धरून बसलेला थर जाऊ देतो. आलेखात रेघ खाली उतरली की तिथे पाण्याची आशा.

आशा म्हणतेय, खात्री नाही. ओल्या चिकणमातीचा थरही वीज जाऊ देतो, पण त्यातून विहिरीला पाणी सुटत नाही. म्हणजे आलेख वाचणाऱ्याला भूगर्भ कळावा लागतो, शेजारच्या विहिरींत कोणत्या खोलीवर काय लागलं ते विचारावं लागतं, आणि “इथे मला शंका आहे” असं म्हणायची हिंमत लागते. समोर शेतकरी उभा असतो. बोअरचे पैसे त्याने कर्ज काढून आणलेले असतात. आकडा चुकला तर भोक कोरडं जातं.

आता माझा ७.२ आणि हा रोधकतेचा आकडा शेजारी ठेवून बघा. सूत्र दोन्हीकडे शाळेतलंच. पण दुसऱ्या आकड्याची कोणीतरी वाट बघतंय. म्हणून मोजणारा दुसऱ्यांदा मोजतो, खुंटी ढिली आहे का ते बघतो, शंका लिहून ठेवतो. संशोधन पद्धतीच्या पेपरात आपण ‘विश्वसनीयता’ आणि ‘सप्रमाणता’ या शब्दांच्या व्याख्या पाठ करतो. त्या माणसाला त्या शब्दांशिवाय कळलेल्या असतात.

कोर्टाचा आदेश आणि झेरॉक्सचं दुकान

मग ७.२ आला कुठून? त्याचाही इतिहास आहे, आणि त्यात कोणी खलनायक नाही.

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. अंमलबजावणी होत नाही म्हणून प्रकरण पुन्हा कोर्टापुढे आलं आणि १८ डिसेंबर २००३ रोजी पहिली ते बारावीचा नमुना अभ्यासक्रम तयार करण्याचा आदेश एनसीईआरटीला मिळाला. हेतू उत्तम. पण सक्ती आली की मूल्यमापन आलं, मूल्यमापन आलं की प्रत्येक मुलाची वही आली. एका वर्गात साठ मुलं, पर्यावरणाचा तास बहुधा ज्यांचा कार्यभार भरत नाही त्या शिक्षकांकडे, सामू मोजायच्या पट्ट्या कपाटात कुलूपबंद. नदीवर न्यायचं तर परवानगी, बस, आणि कोणी पाण्यात उतरलं तर जबाबदारी कोणाची? अशा वेळी साठ वह्या वेळेत हव्या असतील तर एकच रस्ता उरतो, आणि तो झेरॉक्सच्या दुकानावरून जातो. पुढे मोबाइल आल्यावर दुकानही लागेनासं झालं. बारावीला आणि पदवीच्या दुसऱ्या वर्षाला तुम्हीही या रस्त्याने गेला असाल.

याच काळात वेगळी वाटही निघाली होती. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरू लागली. १० ते १७ वर्षांच्या मुलांनी गटाने आपल्याच परिसरातला प्रश्न घ्यायचा, नोंदवही ठेवायची, आपल्या भाषेत मांडायचं. त्यातून खरोखर सुंदर कामं झाली. पण जिल्हा, राज्य, राष्ट्र अशी निवड असल्याने तिथे धनी थोडाफार परीक्षकच राहतो.

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण जोडते. अमेरिकेने १९९४ मध्ये जाहीर केलेला ‘ग्लोब’ कार्यक्रम १९९५ मध्ये सुरू झाला आणि २००० मध्ये भारत त्यात आला. शाळकरी मुलं हवामान, पाणी, मातीच्या नोंदी ठरलेल्या पद्धतीने घेतात आणि त्या एका जागतिक साठ्यात जातात. इथे धनी दूरचा शास्त्रज्ञ. पद्धत काटेकोर राहते, हा मोठा फायदा. मात्र दिंडोरीच्या मुलीने मोजलेल्या पावसाचं दिंडोरीत काय झालं, हे वेगळं विचारावं लागतं.

आणि नाशिक?

आपल्या जिल्ह्यात आकड्याला धनी असल्याचं ठळक उदाहरण शाळेतलं नाही, कालव्यावरचं आहे. दिंडोरी तालुक्यातलं वाघाड धरण. कालव्याच्या टेलला पाणी पोचत नव्हतं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास टेलच्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. या संस्थांनी सरकारकडून पाणी घनमापनाने, म्हणजे मोजून, घ्यायला सुरुवात केली. पुढे संस्था वाढत गेल्या आणि सगळ्या प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आलं. २००५ मध्ये राज्याने सिंचन पद्धतीचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला, त्याच्या चर्चेत वाघाडचं नाव हमखास निघतं.

मोजून म्हणजे काय, तर चारीतल्या प्रवाहाची रुंदी, खोली आणि वेग. गुणाकार केला की सेकंदाला किती पाणी गेलं ते कळतं. आठवीचं गणित. फरक एवढाच की पाण्याचे पैसे या आकड्यावर ठरतात, म्हणून वरचा आणि खालचा दोन्ही शेतकरी पट्टी कुठे लावली ते डोळ्यांत तेल घालून बघतात. आता विचार करा, हीच मोजणी ओझरच्या किंवा दिंडोरीच्या शाळेतल्या मुलांनी संस्थेच्या पाटकऱ्याबरोबर एक आवर्तनभर केली तर? संस्थेचा आकडा आणि मुलांचा आकडा जुळला नाही तर कोण कोणाला काय म्हणेल? मला विचाराल तर इथे एक अख्खा प्रबंध आहे.

नाशिक यासाठी किती सोयीचं आहे बघा. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात येवल्याकडे ५०० च्या आसपास. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि काही कोसांवर शहराचं सांडपाणी तिला मिळतं. खाली नांदूर मध्यमेश्वरला त्याच पाण्यावर पक्षी उतरतात. जानेवारी २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. सिन्नरकडच्या एखाद्या शाळेत आठ वाड्यांची चाळीस मुलं येत असतील तर दोरी आणि दगड घेऊन ती चाळीस विहिरी दर आठवड्याला मोजू शकतात. ऑक्टोबरअखेरीस पाणी किती हे कळलं तर उन्हाळ कांदा किती लावायचा, याची चर्चा पारावर होऊ शकते. शेजारच्या नगर जिल्ह्यात हिवरे बाजारची ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडूनच पिकं ठरवते. आता माध्यमिक शाळांत ‘जलसुरक्षा’ हा विषयही आला आहे. म्हणजे तासिका आहे, पुस्तक आहे, विहीर आहे. वाट बघणारा माणूस तेवढा शोधायचाय.

सिनॉप्सिस लिहिताना

मी माझं शीर्षक बदललं. ‘परिणामकारकता’ काढलं असं नाही, पण आधी तीन गोष्टींची उत्तरं लिहायची सवय लावून घेतली. तुम्हालाही त्या उपयोगी पडतील.

पहिली, मुलं जो आकडा काढणार तो कोणाला हवाय? मूल, गाव, परीक्षक की दूरचा शास्त्रज्ञ? चारही उत्तरं चालतात. पण उत्तराप्रमाणे तुमचं साधन बदलतं. धनी गाव असेल तर फक्त मुलांची उत्तरचाचणी घेऊन भागणार नाही, पाटकऱ्याची, सरपंचाची, विहिरीच्या मालकाची मुलाखत घ्यावी लागेल.

दुसरी, आकडा चुकला तर कोणाचं नुकसान? कोणाचंच नसेल तर वहीत ७.५ येणार, हे धरून चाला. आणि नुकसान फार मोठं असेल, उदाहरणार्थ बोअरचा खर्च, तर पंधरा वर्षांच्या मुलावर ते ओझं टाकायचं का, हा नैतिक समितीसमोरचा प्रश्न आहे. पाबळमध्ये शिकवणारा अनुभवी माणूस शेजारी असे, हे विसरू नका.

तिसरी, तुम्ही गेल्यावर कोण मोजणार? होशंगाबाद तीस वर्षं चालून थांबलं. तुमचे बारा आठवडे संपल्यावर दोरी कोणाच्या हातात राहील, त्याचं नाव-गाव तुमच्या आराखड्यात असायला हवं.

परवा मी पट्ट्या घेऊन गोदावरीवर गेले होते, दहावीचा प्रकल्प वीस वर्षं उशिरा करायला. रामकुंडावर एक आकडा आला, तपोवनाखाली दुसरा. तिथे कपडे धुणाऱ्या एका मावशींनी विचारलं, “काय मोजतेस गं? प्यायला चालेल का ते सांग.” सामूवरून ते सांगता येत नाही, त्यासाठी जिवाणूंची तपासणी लागते, असं मी त्यांना समजावत बसले. मावशी म्हणाल्या, “मग तेच मोज की.”

सध्या तेच मोजायच्या तयारीत आहे.